काच ओली असेपर्यंत

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदापूर लागते. तेथे फाटा धरला की डोंगरांच्या कुशीतून वाट तळा गावात येते. रायगड जिल्ह्यातील हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते त्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या तळगडामुळे. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे राखले. त्या बारांत तळगड होता. गड लहान, पण जागा मोक्याची. जवळच समुद्राची खाडी आणि खाडीच्या तोंडाशी सिद्दीचा जंजिरा. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचे राजकारण संपले.

परंतु आज आपल्याला गडावर जायचे नाही. तळ्याहून मांदाडच्या खाडीकडे उतरावे, म्हणजे कुड्याचा डोंगर लागतो. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात 'मंदगोर' नावाचे बंदर येते. ते हेच मांदाड असावे, असे काही अभ्यासक मानतात. या बंदराच्या सोबतीने कुड्याच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली. वरखाली दोन ओळींत मिळून २६ लेणी आहेत. त्यांतले सहावे सर्वांत देखणे. दर्शनी बाजूला दगडातून अर्धे बाहेर आलेले हत्ती, आत ओसरीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची स्त्रीपुरुषांची युगुले. दागिने, फेटे, कमरेवरचा हात, सारे इतके सहज की ही माणसे आताच बाजारातून येऊन उभी राहिली असावीत असे वाटते.

तेथेच एक लेख आहे. लेखक, म्हणजे कारकुनी करणारा, शिवभूती; त्याचा धाकटा भाऊ शिवम. महाभोज मांदव खंदपालित याच्या चाकरीतल्या या घराण्यातील शिवमाने हे लेणे दिले. दगडातले रूपकाम त्याची बायको विजया आणि मुलगे यांनी दिले. खांब त्याच्या मुलींनी दिले. सारे कुटुंब नावानिशी भिंतीवर हजर आहे. शेजारच्या लेण्यांतही अशीच नावे आहेत: कोणी वैद्य, कोणी माळी, कोणी कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, कोणी भिक्षुणी.

आता मौज अशी पाहा, की ज्या विजयेने रूपकाम दिले तिचे नाव आपल्याला कळते, चेहरा कळत नाही. आणि भिंतीवरच्या त्या स्त्रीचा चेहरा दिसतो, पण नाव कळत नाही. ती दोघे दाते आहेत की केवळ मंगल युगुल आहे, हे कोठे लिहिलेले नाही. नाव आणि चेहरा एकाच भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षे शेजारी शेजारी राहिले, तरी त्यांची गाठ पडली नाही.

चेहरा जपून ठेवण्याची ही माणसाची हाव फार जुनी. तिला यंत्राची जोड मिळून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. त्या थोड्या काळात, विशेषतः आपल्या मुलखात, काय घडले ते सांगावे, म्हणून हा लेख. कारण ज्या घरात आज दिवाळीच्या चार दिवसांत चारशे फोटो निघतात, त्या घराने हा इतिहास एकदा तरी ऐकावा.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची युक्ती जाहीर झाली आणि छाया धरून ठेवता येते हे जगाला कळले. पुढच्याच वर्षी कॅमेरा हिंदुस्थानात पोचला. पण या कलेला खरे बळ आले ते १८५१ साली, फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवरची ओली रीत शोधली तेव्हा. ही रीत नीट समजावून घ्यावी, कारण आपल्या सगळ्या कथेचे मर्म तिच्यात आहे.

समजा, त्या काळी कोणी छायाचित्रकार कुड्याला आला असता. त्याच्याबरोबर दोन-चार हमाल लागले असते. एकाच्या डोक्यावर कॅमेऱ्याची पेटी, दुसऱ्याच्या खांद्यावर तिपाई, तिसऱ्याकडे काचांची खोकी, चौथ्याकडे औषधांच्या बाटल्या आणि काळ्या कापडाचा तंबू. लेण्यापुढच्या सपाटीवर तंबू ठोकायचा. जवळच्या टाक्यातून पाणी आणवायचे. मग काच पुसायची, अशी की बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये. तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा आणि काच हातात तिरपी करीत तो चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. तंबूत शिरून ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची. निथळून लाकडी चौकटीत बंद करायची. धावत कॅमेऱ्यापाशी यायचे, भिंगावरचे झाकण काढायचे, मनात अंक मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. पुन्हा धावत तंबूत, आणि काच वाळण्यापूर्वी तिच्यावर दुसरे औषध ओतून चित्र वर आणायचे.

काच वाळली की सारे फुकट. थंड हवेत दहाएक मिनिटे मिळत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ईथर भराभर उडून जात असताना, त्याहूनही कमी. काळ्या तंबूत घामाने अंग भिजलेले, बोटे चांदीने काळी झालेली, आणि कपाळावरचा घामाचा एक थेंब काचेवर पडला तर सकाळची सगळी मेहनत वाया.

अशा माणसाला दिवसभरात किती चित्रे मिळणार? फार थोडी. म्हणून तो काय करी, तर काच हाती घेण्यापूर्वी पाही. ऊन लेण्याच्या तोंडातून केव्हा आत उतरते, हत्तीची सोंड उजेडात केव्हा येते, युगुलाच्या चेहऱ्यावर सावली कोठून पडते, हे सारे त्याला आधी ठरवावे लागे. तिपाई कोठे रोवायची हे ठरवण्यासाठी तो दहा ठिकाणी उभा राही. शिवाय काळ्या कापडाखाली डोके घातले की घासलेल्या काचेवर त्याला चित्र उलटे दिसे: पाय वर, डोके खाली. ओळखीची वस्तू उलटी पाहिली की तिची ओळख सुटते आणि नुसता आकार उरतो. ज्याने हे कधी अनुभवले असेल त्याला कळेल, की पाहणे म्हणजे काय याचा तो एक चांगला धडा आहे.

मुंबईत ही विद्या लवकर रुजली. १८५४ साली तेथे छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या कलेत रमले. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्याच वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचे दुकान थाटले. चांदीच्या क्षाराने काळी झालेली बोटे साहेबाची जशी होती, तशी एतद्देशीय माणसाचीही होती, हे आपण विसरू नये.

सरकारलाही कॅमेरा आवडला, पण त्याचे कारण कलेचे नव्हते. जुन्या इमारतींची चित्रे हाताने काढवून घ्यायची तर चित्रकाराला वर्षानुवर्षे पगार द्यावा लागे. कॅमेरा स्वस्त आणि झटपट. म्हणून १८५५ च्या सुमारास कॅप्टन बिग्ज नावाच्या तोफखान्यातील अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात कॅमेरा देऊन पाठवण्यात आले. त्याच्यामागून डॉ. पिगू आला. पैसे वाचवण्यासाठी म्हणून झालेले हे काम आज अमोल ठरले आहे. सरकारी काटकसरीचे असे गोड फळ क्वचितच पाहायला मिळते.

पण कॅमेऱ्याची खरी किंमत कळली ती आगीत. रॉबर्ट गिल याचे नाव महाराष्ट्राला परके नाही. मद्रास फौजेतील हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. अर्धअंधारात बसून त्याने वर्षामागून वर्षे रंगीत नकला केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या काचमहालाला आग लागली आणि तेथे टांगलेल्या त्याच्या बहुतेक नकला जळून गेल्या. इतक्या वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे चिकटवलेले लेण्यांवरचे पुस्तक १८६४ सालीच लंडनला निघाले होते. रंग नसलेली ही लहानशी चित्रे उरली. एका प्रतीच्या शंभर प्रती निघू शकतात, त्यामुळे एका आगीने सारे जात नाही, हा छायाचित्राचा गुण त्या वेळी ध्यानात आला. १८७९ साली गिल वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग जुने तेच खरे, कष्ट पडत म्हणून चित्रे चांगली येत, आता कष्ट गेले म्हणून कलाही गेली. असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच मुंबईचे एक उदाहरण पाहा.

विल्यम जॉन्सन हा त्या काळातला नावाजलेला छायाचित्रकार. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची चित्रे असलेले त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. काच ओलीच होती, मेहनत तितकीच होती. पण या माणसांना त्याने त्यांच्या घरी, त्यांच्या कामावर जाऊन टिपले नाही. त्यांना एका जागी उभे करून त्यांची चित्रे घेतली आणि छापताना त्यांच्यामागे निराळ्याच जागेचे चित्र जोडून दिले. देऊळ, बंदर, बाग, हवे ते. माणूस एकीकडचा, जमीन दुसरीकडची. आज ती पाने चाळताना चेहऱ्यांवरचा अवघडलेपणा लपत नाही. 'या जातीचा नमुना' म्हणून आपल्याला उभे केले आहे हे त्या डोळ्यांना कळले असावे असे वाटते. त्या काळचा पोशाख कसा होता हे ती चित्रे सांगतात. पण अंगात पोशाख घातलेला माणूस कोण होता, त्याचे नाव काय, हे बहुतेक पाने सांगत नाहीत.

म्हणजे ओल्या काचेने सक्ती केली, दृष्टी दिली नाही. कष्ट हे लक्ष नव्हे. मनात आधीच जे ठरलेले आहे तेच टिपून आणायचे असेल, तर दिवसभर घाम गाळूनही माणूस काही पाहत नाही.

उलट, हातात कॅमेरा नसतानाही पाहणारा पाहतो. भाऊ दाजींनी १८६० नंतरच्या काळात जुनागढचा एक तरुण आपल्या कामासाठी मुंबईला आणवला: भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी शाळेचे शिक्षण बेताचे, पण जुनी अक्षरे वाचण्याची विलक्षण ओढ. हा माणूस लेण्यालेण्यांतून हिंडला. दगडावर ओला कागद दाबून ठसा घ्यायचा, मग तो ठसा मूळ दगडाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा, ही या कामाची रीत. एखादी रेघ कोरक्याच्या छिन्नीची की पावसाच्या पाण्याची, हे ठसा सांगत नाही. ते डोळ्यांनाच पाहावे लागते. १८८१ साली जेम्स बर्जेस आणि भगवानलाल यांच्या नावाने पश्चिमेकडील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक निघाले. कुड्याचे लेख त्यात आहेत. शिवम, विजया, तिचे मुलगे, खांब देणाऱ्या मुली ही सारी माणसे आपल्या ओळखीची झाली ती अशा डोळ्यांमुळे. कागदही ओला आणि काचही ओली. पण फरक ओलेपणात नव्हता, पाहण्यात होता.

पुढे काच वाळली. सुक्या जिलेटिनच्या काचा बाजारात आल्या. त्या आधी तयार करून ठेवता येत आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येत. तंबू गेला, हमाल गेले. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेलीच असे. बटण तेवढे दाबायचे, बाकी सारे कारखाना पाहून घेई. शंभर चित्रे! ज्याने दिवसभरात मोजक्या काचा वापरल्या होत्या त्याला हा आकडा केवढा वाटला असेल!

सक्ती संपली. आता लक्ष द्यायचे की नाही हे माणसाच्या मर्जीवर आले. आणि ज्या वेळी गोष्ट मर्जीवर येते, त्या वेळीच माणसाची परीक्षा होते.

त्या परीक्षेत उतरलेला आपला पहिला मोठा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला. गोध्र्याला त्याने छायाचित्रणाचा धंदा केला. तेथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे पुराणवस्तू खात्यात काही काळ नोकरी केली, मग छपाईचा धंदा केला. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि त्याने ठरवले, की आपल्या देवांची चित्रे अशीच पडद्यावर हलली पाहिजेत. ध्यास असा की रात्रंदिवस चित्रपट पाहून डोळे जायची वेळ आली. डोळे सुधारल्यावर १९१२ साली तो लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आला.

आता घरात नवा कॅमेरा आलेला. हौशी माणसाने काय केले असते? घरच्या मंडळींना अंगणात चालायला लावले असते, किंवा रस्त्यावरची ट्राम टिपली असती. दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कुंडीपुढे कॅमेरा मांडला आणि जसजसे दिवस गेले तसतशी एकेक चौकट घेतली. अंकुर फुटला, मान वर काढली, पाने आली, वेल वाढली. महिनाभराचे ते धिमे काम पडद्यावर काही क्षणांत उलगडले, आणि पाहणाऱ्यांना वाटाण्याचे रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. 'अंकुराची वाढ' हे त्या लहानग्या चित्रपटाचे नाव. हा चमत्कार पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आपल्याकडे या गोष्टीचे कौतुक होते ते पुढच्या चित्रपटासाठी. मला ते वाटाण्याचे रोप अधिक मोठे वाटते. ज्या यंत्राचा सारा गुण वेगात होता, त्या यंत्राला या माणसाने वाटाण्याच्या गतीने चालायला लावले. कोणी सक्ती केली नव्हती. काच वाळणार नव्हती. सक्ती त्याने स्वतःवर घालून घेतली. आणि ती एकट्याची नव्हती: दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई घरचे सारे आवरून रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडीत. कुड्याच्या विजयेप्रमाणे याही रूपकामात घरातल्या बाईचा हात आहे. हिचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे, आणि चेहराही.

त्यानंतर सातच वर्षांनी पंजाबात जालियनवाला बाग झाली. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर १९१९ साली अमृतसरला गेले. गोळीबार होऊन गेला होता, प्रेते उचलली गेली होती. टिपण्यासारखे तेथे काय उरले होते? उरली होती भिंत, आणि भिंतीत गोळ्यांची भोके. विरकरांच्या चित्रांत ती भोके खडूने रेखलेली दिसतात, आणि शेजारी उभी असलेली माणसे त्यांच्याकडे बोट दाखवताना दिसतात. ना रक्त, ना आक्रोश. फक्त येथे, आणि येथे, आणि येथेही. घाईने गेलेल्या माणसाला ती नुसती पडकी भिंत वाटली असती. येथे का आलो आहोत हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्याने त्या भिंतीला साक्षीदार केले. गेलेला क्षण कॅमेऱ्याला परत आणता येत नाही. पण त्या क्षणाचा व्रण कोठे आहे, हे लक्ष देणाऱ्याला सापडते.

आणखी एक गोष्ट सांगून हा इतिहास आवरतो. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकार पुण्याला गांधीजींचा फोटो घ्यायला आली. गांधीजी चरख्यावर बसलेले. त्यांच्या चिटणिसाने बाईंना विचारले, सूत कातता येते का? नाही, असे उत्तर आले. मग आधी शिका, असे सांगण्यात आले. जिला चरखा कळत नाही, तिला चरख्यावर बसलेला माणूस काय कळणार, असा त्याचा अर्थ. घाईत असलेल्या त्या बाईंनी चरखा शिकून घेतला. त्यावरही अट अशी, की डोळे दिपवणारे झगझगाटाचे दिवे तीनच वापरायचे. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याला चित्र आले, आणि ते आज जगभर ओळखले जाते. दहा दिवे वापरण्याची मुभा असती, तर ते चित्र आले असते की नाही कोण जाणे. एक मात्र खरे, की तिसरा दिवा हातात असताना ती बाई जेवढी एकाग्र झाली असेल, तेवढी एरवी झाली नसती.

आता आपल्या घराकडे वळू या.

कोकणातल्या कोणत्याही जुन्या घराच्या माजघरात पाहा. भिंतीवर आजोबांची तसबीर असते, चौकटीला चंदनाचा हार. आजोबा टोपी घालून ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. चेहऱ्यावर हसू नाही. पूर्वी लोक हसतच नसत की काय, असे मुलांना वाटते. तसे नव्हे. फोटो काढणे हा प्रसंग होता. शहरात जाऊन, पैसे मोजून, रंगवलेल्या पडद्यापुढे बसून, 'हलू नका' असे बजावले गेल्यावर, जन्मात एकदा की दोनदा घडणारा प्रसंग. शिवाय फोटोने आयुष्य घटते असा एक समजही होता. तेव्हा त्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा हा त्या क्षणाला दिलेला मान आहे. छायाचित्रकार जसा लक्ष देत होता, तसे समोरचा माणूसही देत होता.

पुष्कळ घरांत आजीचा वेगळा फोटो नसतोच. ती गेल्यावर धावाधाव होते. मग कोणाच्या तरी लग्नातल्या मोठ्या फोटोत, तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेली ती सापडते. तेवढाच चेहरा मोठा करून घेतात, पेंटरकडून कुंकू आणि पातळाचा काठ रंगवून घेतात आणि भिंतीवर लावतात. यातही चेहरा एकीकडचा आणि मागचा पडदा दुसरीकडचा, जॉन्सनच्या पुस्तकातल्यासारखाच. पण जॉन्सनला नमुना हवा होता आणि या घराला आजी हवी होती. हत्यार तेच असले, तरी हेतू बदलला की कामाची जात बदलते.

आणि आज? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परगावी असलेल्या मुलाला आईचा चेहरा रोज दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. गिलला आणि बिग्जला हे यंत्र मिळाले असते, तर त्यांनी ते डोक्यावर घेऊन नाचवले असते. तक्रार यंत्राविषयी नाही. तक्रार एवढीच, की काच आता कधीच वाळत नाही. म्हणून आपण कधीच ठरवीत नाही. पाहण्याआधी बटण दाबतो, नंतर पाहू असे म्हणतो, आणि नंतर पाहत नाही. लेण्यात शिरणारी माणसे हत्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो घेतात आणि पुढे जातात. कुड्याचे युगुल पावसाळ्यागणिक थोडे थोडे झिजते आहे. त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर टक लावून पाहणारा माणूस हेच त्याचे खरे राखण. तो मिळत नसेल तर हजार चित्रे असून उपयोग काय?

यावर उपाय कोणता? ओली काच परत आणता येणार नाही, आणण्याचे कारणही नाही. पण दादासाहेबांनी वाटाण्यापुढे बसून जी सक्ती स्वतःवर घालून घेतली, ती आपल्यालाही घालून घेता येईल. या दिवाळीतच करून पाहण्यासारखे आहे. पाडव्याच्या किंवा भाऊबिजेच्या दिवशी, घरची सारी मंडळी जमली असताना, एकच फोटो काढायचा असे ठरवा. एकच, दुसरा नाही. मग पाहा काय काय घडते ते. काकांना आत उजेड कमी वाटेल, म्हणून सारे अंगणात येतील. ऊन कोणत्या अंगाने येते हे कोणीतरी पाहील. आजीला मध्ये बसवावे की आत्याला, यावर दोन मिनिटे वाद होईल. स्वयंपाकघरातली सूनबाई हात पुसत येईल, कारण तिच्यावाचून फोटो पुरा होत नाही हे या खेपेस सर्वांच्या ध्यानात येईल. एरवी फोटो काढणाराच फोटोत नसतो, म्हणून शेजारच्यांना हाक मारावी लागेल. आणि मग क्षणभर सारे शांत होतील. तो क्षण हाच खरा फोटो. कागदावर येते ती त्याची खूण.

एक काम मात्र त्यानंतर उरते, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. तो फोटो कागदावर छापून घ्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: ठिकाण, तारीख, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव. सुनांची माहेरची नावेही लिहा. घरात काम करणाऱ्या बाई फोटोत असतील तर त्यांचेही. आज हे हास्यास्पद वाटेल. आपल्याच आईचे नाव आपण कशाला लिहायचे? पण पन्नास वर्षांनी तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याला हा चेहरा कोणाचा हे सांगणारे कोणी उरलेले नसेल. आपल्या घरांतल्या जुन्या पेट्या अशा मुक्या फोटोंनी भरलेल्या आहेत. त्यांतल्या माणसांनी एकेकाळी या घरासाठी लेणी खोदावीत एवढे कष्ट केले असतील. आपल्याला फक्त फेटा दिसतो आणि नथ दिसते.

शिवमाच्या घरच्यांनी आपली नावे दगडात कोरून ठेवली; चेहरा टिपण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आपल्याजवळ चेहरा टिपण्याचे साधन एवढे आहे की नाव लिहायचे आपण विसरलो. वाचकहो, लेखणी घरात आहे, फोटोही आहेत, आणि ती नावे सांगणारी आजी देवाच्या दयेने अजून ओसरीवर बसलेली आहे. काच अजून ओली आहे. तेवढ्यात आजीजवळ जाऊन बसावे.